मौद्याचा तिसरा पट्टा

नागपूरला जाताना मी बॅगेत स्वतःचा वजनकाटा घेतला होता. हातात धरून लटकवायचा, साधा, आमच्या केंद्रातला. नवऱ्याने विचारलं, "तिकडे काटे मिळत नाहीत का?" मी म्हटलं, "मिळतात. माझा विश्वास नाही." हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते. परत आल्यापासून तेच शब्द आठवून मला घरातल्या घरात मेल्याहून मेल्यासारखं होतं. प्रवास करून आलेला माणूस काय पाहिलं, काय खाल्लं ते सांगतो. मीही सांगेन, खाण्याच्या बाबतीत तर जरा जास्तच सांगेन. पण मुळात सांगायचं आहे ते वेगळं, आणि ते सांगताना अजून जीभ अडखळते.

मी रत्नागिरीकडची. उभा जन्म भाताच्या संशोधनात गेला. कमी खतात जास्त पीक कसं घ्यायचं याचा आमचा एक प्रयोग राज्यात चार-पाच ठिकाणी, शेतकऱ्यांच्याच शेतात चालतो. एका खाचरात तीन पट्टे आखायचे. पहिल्यात आमच्या पद्धतीने, रोपांच्या मधे चिखलात खताच्या गोळ्या खोचायच्या. दुसऱ्यात शेतकरी नेहमी फेकतो तसा युरिया. तिसऱ्याला काहीच द्यायचं नाही. तिसरा उपाशी राहिला पाहिजे, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय आमच्या गोळ्यांचा गुण कळत नाही.

गेल्या वर्षी नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यातून आकडे आले, त्यात हा उपाशी पट्टा पहिल्याच्या जवळजवळ बरोबरीने पिकलेला. मी तो तक्ता पाहिला आणि हसले. चिपळूणला खिडकीशी बसून, गरम चहा पीत, अहवालात एक ओळ लिहिली: "मौदा येथील आकडे शेतावर न जाता बसल्या जागी भरलेले दिसतात." नोंदी करणारे दिवाकर नावाचे क्षेत्र सहायक कंत्राटावर होते. मार्चमध्ये त्यांचं कंत्राट पुढे गेलं नाही. हे मला कुठल्याशा ईमेलच्या शेपटाला वाचायला मिळालं. खरं सांगते, तेव्हा काही वाटलं नाही. बरी अद्दल घडली, असंच वाटलं.

यंदा आढावा बैठक नागपुरात होती. बैठकीच्या आधी वानखडे नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञांनी कळवलं की मौद्याचा तिसरा पट्टा याही वर्षी जोरात आहे. माझं डोकंच फिरलं. म्हणजे माणूस बदलला तरी लबाडी चालूच! बैठकीच्या आदल्या दिवशी मी स्वतः येते, माझ्यासमोर कापणी करा, असं मी कळवून टाकलं. रंगेहाथ पकडायला निघाले होते मी, म्हणून तो काटा.

नागपूर, सकाळ

नोव्हेंबरातलं नागपूर मला आवडलं. आमच्याकडे या दिवसांत अंगाला घाम चिकटलेला असतो, इथे सकाळी चक्क शाल घ्यावीशी वाटली. वानखडे मला न्यायला आले, पस्तिशीचे, हळू बोलणारे. गाडीत बसण्याआधी त्यांनी टपरीवर पोहे खायला नेलं. पोहे म्हणजे ओल्या खोबऱ्याचे, लिंबू पिळलेले, असं समजत आलेल्या माणसाच्या पोह्यांवर जर कुणी हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला, तर त्याने काय करावं? मी पहिल्या घासाला ठसकले, डोळ्यांत पाणी आलं.

"तर्री थोडी जास्त झाली काय मॅडम?" टपरीवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आणखी एक पळी ओतली. दुसरा घास बरा लागला. तिसऱ्याला मी ताट पुढे करून मागून घेतली. वानखडे हसले. मी मात्र लगेच कामावर आले. "तो दिवाकर सध्या काय करतो?"

वानखड्यांचं हसू गेलं. "जरीपटक्यात दुकानात आहे मॅडम, हार्डवेअरच्या." मग ताट ठेवून ते म्हणाले, "माणूस चांगला होता."

"चांगली माणसंच आकडे भरतात," मी म्हटलं. हे माझ्या तोंडचे शब्द आहेत, जसेच्या तसे लिहिलेत.

मौद्याकडे

शहर मागे पडलं की भंडाऱ्याच्या रस्त्याला हळूहळू कापूस संपतो आणि धान लागतं. हो, इथे भाताला धान म्हणतात. भात फक्त ताटातला. आमच्या खाचराला इथे बांधी म्हणतात, आमच्या लावणीला रोवणा. आमच्याकडे डोंगराच्या कुशीत चिंचोळ्या, चढत्या-उतरत्या तुकड्यांत भात लावतात आणि दसरा-दिवाळीला ते घरात आलेलं असतं. इथे बांध्या सपाट, नजर पोचेल तिथवर पसरलेल्या, आणि नोव्हेंबरात अजून कापणी चालू. कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे जमीन अजून ओली. मला हेवा वाटला. एवढी सपाट जमीन आमच्या बापजाद्यांनी पाहिली असती तर ते डोंगर खणत बसलेच नसते.

सुमनबाई आमची वाटच पाहत होत्या. प्रयोगाचं शेत त्यांचं. साठीच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात विळा. नवरा वारलेला, मुलगा बुटीबोरीला कारखान्यात, घरी त्या आणि सून. मला पाहताच म्हणाल्या, "ह्याच काय कोकणातल्या मॅडम? या बाई, या. लय दुरून आल्या."

मी नमस्काराला हात जोडले न जोडले आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सरळ बांधीत उतरले. उतरले कसली, घसरले. एक पाय घोट्यापर्यंत चिखलात, दुसरी चप्पल तिकडेच. सुमनबाईंनी मला दंडाला धरून उभं केलं, पण त्यांचं लक्ष माझ्या पायाखाली होतं.

"पाय जपून ठेवा बाई, खाली लाखोळी हाय."

पाहिलं तर उभ्या धानाच्या बुडाशी हिरवी बारीक रोपं उगवलेली. धान कापायच्या आधीच ओल्या जमिनीत लाखोळीचं, म्हणजे लाख डाळीचं, बी फेकून ठेवतात, म्हणजे धान गेलं की लगेच दुसरं पीक तयार. किती सुंदर पद्धत! पण तेव्हा मला सुंदर वगैरे काही दिसलं नाही. "प्रयोगाच्या बांधीत हे कुणी टाकू दिलं?" मी वानखड्यांवर खेकसले.

मग तो तिसरा पट्टा पाहिला. उपाशी ठेवलेलं पीक ओळखायला मला तक्ता लागत नाही. ते खुजं राहतं, फुटवे कमी, लोंब्या हलक्या. आणि हा पट्टा छातीला लागत होता. लोंब्या भरून वाकलेल्या. मी एक लोंबी हातात चोळली, दाणे टच्च.

कापणी माझ्यासमोर झाली. चौकट टाकून तिन्ही पट्ट्यांतलं सारखं क्षेत्र कापलं, तिथेच झोडलं, पाखडलं. वानखड्यांनी त्यांचा काटा काढला तर मी म्हटलं, "नको, माझ्याकडे आहे." माझ्या काट्यावर, माझ्या हाताने मी वजन केलं. एकदा केलं, मग पोती बदलून परत केलं. तिसरा पट्टा पहिल्याच्या जवळजवळ बरोबर आला. अगदी गेल्या वर्षीच्या तक्त्यासारखा.

काटा माझ्या हातात तसाच लटकत राहिला. वानखडे वहीत आकडा लिहीत होते आणि मुद्दाम माझ्याकडे पाहत नव्हते. सुमनबाई म्हणाल्या, "चला, जेवाले चला. सुनेनं कधीचं करून ठेवलं."

पंगत

पडवीत तिघांची पानं मांडली होती. भात, लाखोळीचं घट्ट वरण, वांगं-आलूचा रस्सा, जवसाची चटणी. मी बसले, वानखडे बसले, पण वाढपी काही पुढे सरकेना. सून पातेलं घेऊन उभीच. मला वाटलं काहीतरी राहिलं असेल.

"डायवर कुठी गेले गा?" सुमनबाईंनी वानखड्यांना विचारलं.

"ते गाडीतच बसतात. डबा आहे त्यांचा."

"डबा असन तर असन. बोलवा त्याले. तोवर मी वाढत नाही."

ड्रायव्हर आला, हातपाय धुऊन माझ्या शेजारी बसला, तेव्हा वाढप सुरू झालं. आमच्या घरी पाहुण्यांबरोबर आलेल्या ड्रायव्हरला ताट बाहेर ओट्यावर देतात. मीही देत आले आहे. मी जेवू लागले. वरण काय होतं म्हणून सांगू! तुरीच्या वरणाला ती चव नाही. तरीही डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. शेवटी मी विचारलंच.

"सुमनबाई, खरं सांगा. तिसऱ्या पट्ट्याला तुम्ही काय घातलं?"

सून पदराआड हसली. सुमनबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले, मग जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "रागावसान नाही?"

"नाही."

"गोबरगॅसचं पाणी टाकलं. गेल्या साली बी, यंदा बी. रोज सकाळी दोन-दोन बादल्या, मी अन् सून. पोळ्यापर्यंत टाकत होतो."

"पण तुम्हाला सांगितलं होतं ना, त्याला काही घालायचं नाही?"

"सांगतलं होतं ना. दिवाकरभाऊनं तीनदा सांगतलं. अन् मी म्हणलं हो, नाही टाकत." त्यांनी माझ्या पानात न विचारता भात वाढला. "पण बाई, तो पट्टा पिवळा पडून राहिला होता. रोज डोळ्यासमोर. एका बांधीत तीन लेकरं बसवाचे, दोघाइले पोटभर वाढाचं, अन् तिसऱ्याले म्हणाचं तू पाहत राह्य? माह्याच्यानं नाही होत. भाऊ यायच्या दिवशी आमी टाकत नव्हतो, त्याले काही माहीत नाही. त्याले काहून फिकरीत टाकाचं?"

गोबरगॅसची मळी. दोन महिने, रोज. माझ्या गोळ्यांच्या तोडीचं खत ते. आकडे खरे होते. दिवाकर प्रत्येक वेळी आला होता, त्याने प्रत्येक वेळी मोजलं होतं, आणि जे वजन आलं तेच लिहिलं होतं.

"भाऊ यंदा काहून नाही आले?" सुमनबाईंनी विचारलं. "लय चांगला माणूस. वजन करताना काट्याकडे असा पाहे, जसं काही सोनं तोलून राहिला. कुठी असते आता?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. वानखडे वरणात बोट फिरवत होते. मी म्हटलं, "त्यांची बदली झाली."

"बदली? मंग चांगलं झालं," सुमनबाई खुशीत म्हणाल्या. "पगार वाढला असन."

मी मान खाली घातली ती हात धुवायला उठेपर्यंत वर केली नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेतही मी खोटंच बोलले होते.

एक जुनी वही

परतताना मी वानखड्यांना म्हटलं, मला गेल्या वर्षीची मूळ नोंदवही दाखवा. मला टाइप केलेला तक्ता आला होता, वही कधी पाहिलीच नव्हती. ऑफिसातल्या कपाटातून त्यांनी ती काढून दिली. टोकदार, सरळ अक्षर. प्रत्येक भेटीची तारीख, रोपांची उंची, फुटवे, पाण्याची पातळी. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, पोळ्यानंतरच्या भेटीला लिहिलेलं: "तिसरा पट्टा पिवळा पडून परत हिरवा झाला. कारण समजत नाही. वरिष्ठांनी येऊन पाहावे."

टाइप करणाऱ्याने शेऱ्याचा रकाना गाळला होता. पण त्याच्यावर ढकलून मी सुटत नाही. तक्ता माझ्या हातात होता आणि तो मला विचित्र वाटला होता. विचित्र वाटल्यावर शोध घ्यायचा, याचाच पगार मी इतकी वर्षं घेतला.

वानखड्यांनी मग आणखी एक गोष्ट सांगितली, मला वाईट वाटू नये म्हणून इतके दिवस न सांगितलेली. दिवाकरची मुलगी शेतकी कॉलेजात शिकते. तिथल्या एका सरांनी वर्गात माझा अहवाल वाचून दाखवला, खोट्या नोंदी कशा ओळखाव्यात याचा नमुना म्हणून. गावाचं नाव होतं, नोंद घेणाऱ्याचं नाव होतं. मुलगी तिसऱ्या बाकावर बसलेली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. रात्रभर मी मनात भाषण जुळवलं होतं. उभी राहिले तेव्हा समोर सगळे ओळखीचे चेहरे, माझ्या हाताखाली शिकलेले दोन-तीन जण. मी म्हटलं, "मौद्याचे आकडे बरोबर होते. तिसऱ्या पट्ट्याला मळी दिली गेली. गेल्या वर्षी कार्यालयीन पातळीवर काही गोंधळ झाला होता, तो दुरुस्त करावा." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी शेतकरी सूचना पाळत नाहीत यावर बोललं. मग चहा आला. मी खाली बसले तेव्हा वानखडे माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसता ओशाळलेपणा होता, तोही माझ्या वतीने.

जरीपटका

संध्याकाळच्या गाडीआधी दोन तास होते. मी ऑफिसात एक पत्र टाइप करून घेतलं, सही-शिक्का मारला आणि रिक्षा करून जरीपटक्यात गेले. काय ती गर्दी! कापडाची दुकानं, गरम समोशांच्या कढया, स्कूटरांचे हॉर्न, एकमेकांत मिसळलेलं हिंदी आणि मराठी. हार्डवेअरचं दुकान चौकापासून आत होतं. काउंटरमागे पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस खिळे तोलत होता. पारड्यात खिळे टाकायच्या आधी त्याने रिकामा काटा शून्यावर आला का ते वाकून पाहिलं. मी नाव न विचारताच ओळखलं.

मी नाव सांगितलं. दिवाकरचा हात थांबला. मग त्यांनी फडक्याने स्टूल पुसलं. "बसा मॅडम. चहा सांगू काय?"

मला वाटलं होतं चिडतील, बोलतील. मी त्याची तयारी करून गेले होते. चहाची तयारी नव्हती. मी भडाभडा सगळं सांगितलं, सुमनबाईंच्या बादल्या, मळी, वही. ऐकता ऐकता ते हसायला लागले. "बाईनं असं केलं? अन् मी डोकं खाजवून राहिलो होतो सारं वर्ष, का हा पट्टा हिरवा कसा झाला!" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. एक कोडं सुटल्याचा, दुसरं काही नाही.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. वाचून ते माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं.

"मॅडम, याच्यात लिहिलं हाय, कार्यालयीन चुकीमुळे."

"हो."

"ऑफिसनं तर मले तीन वर्षं ठेवलं. त्याइची काय चूक?" आवाज जराही चढला नव्हता. "मले नोकरी नको. दुकान ठीक चाललं. फक्त पोरीले दाखवाले खरा कागद पाहिजे. तिनं कॉलेजात कोणाले सांगतलं नाही का मी तिचा बाप होय म्हणून. मले हे माहीत हाय, पण मी बोलत नाही."

मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला. त्यांनी बिलाच्या पॅडमधला फाडून दिला, मागची बाजू कोरी. मी हाताने लिहिलं की मौद्याचे आकडे खरे होते, ते दिवाकर यांनी प्रत्यक्ष शेतावर जाऊन घेतले होते, आणि मी न जाता, न पाहता त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप केला. ती चूक माझी एकटीची आहे. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तेवढ्यात मुलगी आली, पाठीवर दप्तर, हातात हेल्मेट. दिवाकर म्हणाले, "प्रज्ञा, ह्या कोकणातल्या मॅडम." तिने ओळखलं असावं, कारण तिने नमस्कार केला नाही. वडिलांनी कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला, एकदा आणि परत एकदा. मग गोबरगॅसचं सगळं वडिलांकडून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडेल, किंवा माफ करेल, किंवा निदान ओरडेल तरी.

तिने कागद नीट घडी करून वहीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात शंका विचारावी तितक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "मॅडम, आकडा विचित्र वाटला होता तर तुम्ही बाबाले एक फोन काहून नाही केला?"

दिवाकर म्हणाले, "प्रज्ञा, राहू दे ना."

"नाही बाबा, मले समजून घ्याचं आहे. अहवालात तुमच्या नावाखालीच तुमचा नंबर छापला होता."

छापला होता.